मातामायची गोरसी

साध्या सर्दीसाठी देव येतो का, असं मला कोणी विचारलं तर मी मान खाली घालून गप्प बसेन. सप्ताहात बायका आपापले अनुभव सांगतात. कोणाचा नवरा ट्रकखालून वाचलेला असतो, कोणाच्या पोटातली गाठ आपोआप विरघळलेली असते. त्यांच्यापुढं माझ्या नातीच्या चोंदलेल्या नाकाची गोष्ट सांगायला मला लाज वाटते. म्हणून कुठं बोलले नाही. पोरीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यात लिहून ठेवते आहे. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे हात हळू चालतो. पण जे झालं ते विसरून जाऊ नये असं वाटतं, आणि त्यात माझी चूक किती होती तेही विसरू नये असं वाटतं.

माझी मुलगी वैशाली पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. तिचं सासर लाखनीला. मुलगी झाली, बारसं झालं, आणि नात अडीच महिन्यांची होईपर्यंत एकदाही आजारी पडली नाही. सासरची माणसं पंधरा दिवसांनी त्या दोघींना न्यायला येणार होती. पहिलं नातवंड आपल्या घरून धडधाकट जावं, एवढीच माझी इच्छा होती. विहिणीनं बाळाला हातात घेतल्यावर "चांगलं सांभाळलं जी तुम्ही" एवढं म्हटलं असतं तर मला वर्षभर पुरलं असतं.

तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. धानाचे भारे खळ्यावर आले होते आणि मळणीचं मशीन दिवसभर घरघरत होतं. धानाचा भुसा नाकातोंडात जाऊन मला शिंका सुरू झाल्या, मग घसा बसला. वैशाली म्हणाली, "आई, तोंडाले रुमाल बांध, नाहीतर दोन दिवस हिले घेऊच नोको." मी हसले. म्हटलं, आजीची सर्दी कधी नातीला लागते का. दुपारी वैशाली आंघोळीला गेली तेव्हा मी बाळाला मांडीवर घेतलं, तिच्या टाळूचा वास घेतला, गालाला गाल लावला. तिसऱ्या दिवशी बाळ शिंकलं.

पहिली शिंक आली तेव्हा घरात सगळे हसले होते. एवढ्याशा नाकातून केवढी मोठी शिंक! वैशालीच्या बाबांनी तिची नक्कलही करून दाखवली. दुसऱ्या दिवशी मात्र नाक वाहायला लागलं, आणि संध्याकाळपर्यंत चोंदलं. ज्यांनी लहान लेकरं वाढवली त्यांना सांगायला नको. मोठ्या माणसाचं नाक बंद झालं तर तो तोंडानं श्वास घेतो. इतक्या लहान लेकराला ते जमत नाही. ते दूध ओढायला लागतं, दोन घोट घेतं, श्वास कोंडला की स्तन सोडून देतं आणि रडतं. भूक असते म्हणून परत तोंड लावतं आणि परत सोडतं. बाळाचे ते हाल पाहून वैशाली रडायची. कोणी मला बोललं नव्हतं, पण ही सर्दी माझ्या गालावरून तिच्या गालावर गेली हे मला माहीत होतं.

आम्ही तिला उपकेंद्रात नेलं. नर्सबाईंनी बाळाचा झबला वर केला, पोटाकडं बघत मोबाईलवर एक मिनिट लावून श्वास मोजले, छाती आत ओढली जाते का ते पाहिलं, ताप मोजला. मग म्हणाल्या, "साधी सर्दी आहे. घाबरू नका. औषधाची गरज नाही." मिठाच्या पाण्याच्या थेंबांची एक बारीक बाटली दिली. दूध पाजण्याआधी नाकात एक-एक थेंब टाकायचा, मऊ कापडानं नाक पुसायचं, थोडं थोडं दूध पण पुन्हा पुन्हा पाजायचं, अंग गरम ठेवायचं. सर्दी जायला आठ-दहा दिवस लागतील. श्वास भरभर चालला, छातीखाली खड्डा पडायला लागला, ताप आला किंवा दूध घेणं सोडलं, तर वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आम्ही निघताना त्यांनी विचारलं, "घरात धूर होतो का?"

वैशाली लगेच म्हणाली, "नाही मॅडम, गॅस आहे."

ते खरंच होतं. चूल आमच्याकडं परसात आहे, तीही आंघोळीच्या पाण्यापुरती. पण आमच्या घरात रोज तिन्हीसांजेला देवापुढं ऊद जळतो. आंघोळीनंतर बाळाला ओव्याची धुरी देतात. त्या ऊदाचा आणि धुरीचा विचार माझ्या मनात एकदा येऊन गेला, हे मी इथं खरं लिहिते. सांगावं की काय, असं वाटलं. पण देवाच्या ऊदाला धूर म्हणायचं हेच मला बरोबर वाटेना. धूर म्हणजे चुलीचा, कचऱ्याचा, बिडीचा. शिवाय चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. मी पदर सारखा केला आणि बाहेर आले.

घरी आल्यावर मला चैन पडेना. औषधच दिलं नाही, म्हणजे काहीच केलं नाही, असं मन म्हणत राहिलं. शेजारच्या सकुबाई बाळाला पाहायला आल्या. त्या वयानं माझ्या सासूएवढ्या आहेत आणि गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणींची मालीश त्यांनी केली आहे. त्या म्हणाल्या, "नर्सबाईनं औषध नाई देल्लं, म्हणजे हे काम तिच्या हातचं नाई. मातामायले बोल. लेकराचं सारं मायच पाह्यते."

मातामाय ही आमच्या गावाची देवी. गल्ली संपते तिथं कडुनिंबाखाली तिचा ओटा आहे. देऊळ असं नाही. शेंदूर लावलेल्या सात दगडांवर पानांची सावली असते, बस. गावातलं प्रत्येक लेकरू गोवर-कांजिण्यांतून उठलं की आधी तिच्या पाया पडायला नेतात. मी त्याच संध्याकाळी तिथं गेले आणि नवस बोलून आले. बोलले ते असं, की माय, माझ्यामुळं बाळाला झालं आहे. तिचं नाक मोकळं होईपर्यंत तुझ्या नावाची गोरसी घरात विझू देणार नाही.

गोरसी म्हणजे मातीची लहान शेगडी. थंडीत आम्ही तिच्यात निखारे ठेवून शेकतो. बाळंतिणीच्या बाजेखाली ती ठेवायची जुनी रीत आहे. वैशालीच्या बाळंतपणात ती फारशी लागली नव्हती, कारण तेव्हा पावसाळ्याचा उकाडा होता. आता मी ती काढली, धुऊन पुसली, हळदकुंकू वाहिलं, चुलीतले निखारे घातले आणि त्यावर ऊद टाकला. ऊदाबरोबर ओवा, लसणाच्या साली, कडुनिंबाचा पाला. खिडकीला गोधडी लावली, कारण थंड वारा लागू नये. दार लोटून घेतलं. खोली सुगंधानं भरली. मला फार बरं वाटलं. आता कुठं कोणीतरी काहीतरी करतं आहे, असं वाटलं.

दोन दिवस मी ती गोरसी विझू दिली नाही. स्वयंपाकातून उठून निखारे पाहायचे, खळ्यावरून मध्येच घरी यायचे, राख झटकून नवा कोळसा घालायचे. थेंबांची बाटली देवळीत होती, मी तिला हात लावला नाही. वैशाली आठवणीनं थेंब टाकायची, पण मी त्याला नुसतं मिठाचं पाणी समजत होते. बाळाचं नाक मोकळं व्हायच्या जागी तिला खोकला सुरू झाला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती दूध आधीपेक्षाही कमी घ्यायला लागली. वैशाली एकदा म्हणाली, "आई, ऊद थोडा कमी कर न. तिले ठसका लागून राहिला."

मी तिला म्हटलं, "मायच्या नावाचं हाये. असं बोलू नाई." तिनं बाळाची पाठ थोपटली. आजवर माझ्याच मुलीला मी इतक्या ठामपणे काही बोलले नव्हते. एरवी घरात माझा आवाज शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. पण देवाचं नाव हाताशी असलं की भित्र्या माणसालाही जोर येतो, हे मला त्या दिवसांत समजलं. आणि बाळ जितकं जास्त खोकत गेलं, तितकी मी ऊदाची मूठ वाढवत गेले. माझीच भक्ती कमी पडते आहे असं मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळानं दूध घेणंच सोडलं. वैशालीनं तीनदा तिला जवळ घेतलं. तिन्ही वेळा बाळानं एक घोट ओढला, मान फिरवली आणि लालबुंद होऊन ते खोकत राहिलं. उठल्यापासून लंगोट ओला झाला नव्हता. वैशालीनं झबला वर करून नर्सबाईंसारखे श्वास मोजायचा प्रयत्न केला, पण आकडा मध्येच सुटायचा. ती ओरडली, "बाबा, गाडी आणा! आत्ताच्या आत्ता साकोलीच्या दवाखान्यात नेतो हिले." वैशालीचे बाबा चप्पल न घालताच ऑटो पाहायला गेले. मी अंगणात आले. तुळशीजवळ उभी राहिले. हात जोडायचंही सुचलं नाही. मनात एवढंच आलं, की माय, मी कमी बुद्धीची आहे, तुला काय पाहिजे ते मला समजेल असं सांग. यापेक्षा जास्त मी काही मागितलं नाही. खरं म्हणजे तेही मागितलं असं नाही, रडता रडता तोंडून गेलं.

तेवढ्यात फाटकातून आवाज आला. "मासोळी घेता का वो बाई? ताजी हाये, बोडीतली."

आमच्याकडं बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, मासोळ्या घेऊन येणारी बाई वेगळी, ती ठरलेल्या दिवशी येते. ही पन्नाशीची, उंच, डोक्यावर टोपलं, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. नळाच्या पाईपासाठी मोठा रस्ता खोदला होता म्हणून ती आमच्या गल्लीतून वळली होती, हे तिनं नंतर सांगितलं. मी म्हटलं, "आज नाई, मावशी. नवस हाये घरी."

"मासोळी नोको तं नोको, पाणी तं पाजशील?" असं म्हणत तिनं टोपलं उतरवलं आणि ओसरीच्या पायरीवर टेकली. मी तांब्या आणला. ती पाणी प्यायला लागली आणि आतून बाळाच्या खोकल्याचा आवाज आला. तिनं तांब्या खाली ठेवला.

"लेकरू हाये का घरात?"

"नात हाये. सर्दी झाली."

"मंग तुह्या घरातून हा एवढा धूर काहून निघून राह्यला?"

मी मागं वळून पाहिलं. दाराच्या फटीतून, कौलांच्या सांध्यांतून, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात निळा धूर बाहेर येत होता. मी दोन दिवस आत-बाहेर करत होते, पण बाहेर उभी राहून मी माझ्या घराकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "तो धूर नोहे, मावशी. मातामायचा ऊद हाये."

ती हसली. थट्टेनं नाही, पण हसली. म्हणाली, "नाकाले काय समजते वो, मायचा हाये का चुलीचा? आमी झिंगे असेच धुरावर ठेवतो, वाळावं म्हणून. तू नातीले कायले वाळवून राह्यली?"

 मी पायरीवर बसले. तिला सगळं सांगितलं, एका दमात. माझी सर्दी, नर्सबाईंचा प्रश्न, माझं गप्प राहणं, नवस, ऊदाची वाढत गेलेली मूठ. इतकं मी कोणाजवळच बोलत नाही, आणि ही तर अनोळखी बाई. शेवटी म्हटलं, "विझू देणार नाई म्हणून बोलली हावो मी. आता विझवली तं माय कोपली म्हणजे?"

तिनं पदर लावून नाक शिंकरलं. मग टोपल्यावरचं ओलं फडकं नीट करत म्हणाली, "तं नोको विझवू. मायची हाये न? मायपुढं नेऊन ठेव. तिच्या देवळाले कुठं दारं-खिडक्या हायेत? कितीबी धूर होऊ दे, तिले चालते." आणि उठता उठता म्हणाली, "पण आता जा, बाई. बसून नोको राहू."

मी आत गेले. वैशाली बाळाला खांद्यावर घेऊन खोलीत फिरत होती. मी खिडकीची गोधडी ओढून काढली, दोन्ही दारं उघडली, पोत्याचा तुकडा दुमडून हातात घेतला आणि बाजेखालून गोरसी उचलली. वैशाली म्हणाली, "आई, काय करून राहिली?" मी म्हटलं, "हिले घेऊन ओसरीत बस, उन्हात. थेंब टाक तिच्या नाकात. मी आली." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता बाळाला शाल गुंडाळून बाहेर घेऊन गेली.

गल्लीतून निखाऱ्यांची गोरसी घेऊन मी चालत निघाले. त्या वेळी नळ आलेला, सगळ्या बायका भांडी घेऊन उभ्या. एरवी मी मान खाली घालून भिंतीच्या कडेनं जाते. त्या दिवशी भांडी चुकवत मधूनच जावं लागलं. एकीनं विचारलं, "काकू, सकाळी-सकाळी इस्तो घेऊन कुठं चालल्या वो?" दुसरी म्हणाली, "काकांशी भांडून निघाल्या, दुसरी चूल मांडतेत!" सगळ्या हसल्या. मी थांबले. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाले, "मायचं हाये, मायले देऊन राहिली." मग कोणी हसलं नाही. एका बाईनं तर माझ्या वाटेतली घागर बाजूला केली.

ओट्यावर गोरसी ठेवली. खाली वाकले तेव्हा दगडांवर रात्रीचं दव अजून होतं. धूर थोडा वेळ त्या सात दगडांभोवती फिरला आणि मग निंबाच्या फांद्यांतून वर निघून गेला. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, की माय, ही तुझी आहे. जळत ठेवायची की विझवायची ते आता तू पाहा, मला घरी जायचं आहे. आयुष्यात मी देवाला असं कधी बोलले नव्हते. वाटलं होतं भीती वाटेल. तसं काही झालं नाही. डोक्यावरून भारा उतरवल्यावर मान जशी हलकी होते, तसं झालं. मागं वळून पाहिलं नाही आणि घरी आले.

मासोळीवाली गेली होती. वैशाली ओसरीत उन्हाकडं पाठ करून बसली होती. बाळाच्या नाकात थेंब टाकून ती मऊ कापडाच्या टोकानं हळूहळू पुसत होती. बाळ रडलं, शिंकलं, पुन्हा शिंकलं, आणि बऱ्याच दिवसांची घट्ट शेंबडाची गाठ बाहेर आली. वैशालीनं तिला जवळ घेतलं. बाळानं तोंड लावलं आणि सोडलं. आम्ही दोघी एकमेकींकडं पाहत नव्हतो. पुन्हा थोड्या वेळानं घेतलं. या वेळी एक घोट, दुसरा, तिसरा. मध्ये थांबून श्वास घेतला, खळखळ आवाज करत, पण नाकानंच घेतला. आणि परत ओढायला लागलं. घशातून दूध उतरण्याचा तो बारीक आवाज मी आयुष्यात अनेकदा ऐकला आहे, स्वतःच्या लेकरांच्या वेळी ऐकला आहे. त्या सकाळी तो ऐकताना मी ओसरीचा खांब धरून उभी होते.

ऑटो आला तोवर बाळ पिऊन झोपलं होतं. तरी आम्ही गेलो. वैशालीच्या बाबांनी विचारलं, "आता तं बरी दिसून राहिली, जायचं का?" मीच म्हटलं, जायचं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, श्वास मोजले, कान पाहिले, छातीला नळी लावली. म्हणाल्या, छाती साफ आहे, सर्दीच आहे, थेंब आणि दूध चालू ठेवा. मग त्यांनीही तोच प्रश्न विचारला. घरात धूर होतो का? वैशालीनं तोंड उघडलं. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "होत होता, मॅडम. देवाचा ऊद, गोरसीत. बाजेखाली. दोन दिवस, दार लावून. मीच करत होती."

मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी कागदावरून मान वर केली आणि एवढंच विचारलं, "आता बंद केलं?" मी हो म्हटलं. "मग झालं तर. सांगितलं ते चांगलं केलं. बरेच जण सांगत नाहीत, त्यांना तो धूर वाटतच नाही." परत येताना ऑटोत मी वैशालीची माफी मागितली. ती म्हणाली, "तुले एकटीले काहून वाईट वाटून राहिलं? नर्सबाईनं विचारलं तवा 'नाही' तं मीच म्हटलं होतं. बारावी शिकून मलेही तो ऊदच वाटला." आणि मग रडता रडता हसायला लागली. "पण आई, काय मूठ होती तुझी! माझ्या केसाले आताही वास येऊन राहिला, लाखनीची अख्खी गल्ली पाया पडंन माह्या!" ऑटोवाला मागं वळून पाहत होता. आम्ही मायलेकी पदरात तोंड लपवून हसत होतो आणि बाळ तोंड उघडं टाकून झोपलं होतं.

सर्दी काही त्या दिवशी गेली नाही. नर्सबाईंनी म्हटलं होतं तेवढेच दिवस लागले. नाक वाहिलं, घट्ट झालं, मग कोरडं झालं. पण बाळ दूध घेत राहिलं, लंगोट ओले होत राहिले, आणि आमचा जीव जागेवर राहिला. मी हात साबणानं धुऊन, तोंडाला रुमाल बांधून तिला घेत होते. रुमालाआडची आजी पाहून ती एकटक बघायची, मग हसायची. देवापुढं मी आता ऊद लावते तो अंगणात, तुळशीपाशी.

सकुबाईंना सगळं कळलं तेव्हा त्यांनी कानशिलावर बोटं मोडली. म्हणाल्या, "अवो, ती मासोळीवाली नोहेच! मातामायच आली होती तुह्या दारी. तू पाणी देल्लं, तिनं लेकरू देल्लं." ही गोष्ट दोन दिवसांत गल्लीभर झाली.  मला ते मनातून आवडलंही होतं. पण पुढच्याच आठवड्यात ती बाई टोपलं घेऊन पुन्हा फाटकात उभी. सकुबाई तिच्याकडं डोळे फाडून पाहत राहिल्या, पाया पडायला वाकल्या, आणि त्या बाईनं घाबरून पाय मागं घेतले. "काय झालं वो या म्हातारीले?" मग सकुबाईंनी टोपल्यातली मासोळी उलटीपालटी करून पाहिली आणि ती कालची आहे असं म्हटलं. त्यावरून दोघींचं जे भांडण लागलं ते चार घरांना ऐकू गेलं. देवी काही असं भांडत नसेल. नंतर मला कळलं की तिला पाच लेकरं झाली, त्यातली तीन जगली, आणि ती बोडीच्या काठावर नवऱ्यासोबत जाळं टाकते. आता ती आमच्याकडं नेहमी येते. आली की आधी विचारते, "नात कशी हाये?"

ती देवी नव्हती, माणूस होती, हे कळल्यावर माझा अनुभव कमी झाला का, याचा मी पुष्कळ विचार केला. मला तसं वाटत नाही. नर्सबाईंनी तीच गोष्ट आधी विचारली होती, माझ्या मुलीनंही सांगितली होती. मायनं मला एकदा नाही, तीनदा सांगितलं. दोन वेळा मी तिच्याच नावानं तिचं तोंड बंद केलं. तिसऱ्या वेळी तिनं झिंग्यांची उपमा देणारं माणूस पाठवलं, कारण माझ्या डोक्यात शिरेल असं तेवढंच होतं. हे मी कोणाला पटवून देत नाही. मला तसं दिसलं, एवढंच.

ठरल्या दिवशी विहीणबाई आल्या आणि मायलेकींना घेऊन गेल्या. काय म्हणाल्या ते मला नीट आठवतही नाही, कारण मी बाळाच्या श्वासाकडं लक्ष लावून होते. तो अगदी मोकळा होता. गाडी गेल्यावर मी तशीच ओट्यापर्यंत चालत गेले. हात रिकामे होते, फूल नव्हतं, नारळ नव्हता. पूर्वी मी देवापुढं उभी राहिले की विचारायचे, माय, अजून काय करू? किती उपास, किती फेऱ्या, किती नारळ? सगळा हिशोब माझ्या करण्याचाच असायचा, आणि त्यात मला वाटायचं की मी किती तिच्या हवाली झाले आहे. हवाली होणं म्हणजे काय ते मला गोरसी ओट्यावर ठेवली त्या सकाळी थोडंसं कळलं. आता मी तिथं बसते आणि विचारते, माय, मी काय करणं सोडू? उत्तर काही लगेच येत नाही. निंबाची पानं हलतात, कोणाची बकरी ओट्याला अंग घासते. मी थोडा वेळ बसते आणि घरी येते.